तुल्मिक

नोव्हेंबरात तार्तूत दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
खोलीत एक खुर्ची, एक पडदा, दोन बटणं.
उजवं : हा शब्द आहे.
डावं : हा शब्द नाही.
अर्थ आम्ही कुणालाच विचारत नाही.
तो न बोलावता येतो,
मांजरासारखा पायांत घोटाळतो.

गोड शब्दांना बोट पटकन ओळख देतं.
मध. झोका. शेकोटी.
शवपेटी म्हटलं की तेच बोट
किंचित अडतं,
पापणी लवायच्या आत संपेल एवढंच,
पण यंत्राला तेवढं पुरतं.
मारिकाबाई म्हणतात, मन आधी फटीतून बघतं
कोण आलंय,
मग कडी काढतं.

प्रत्येक शब्दाला आमच्याकडे गुण आहेत,
शेकडो विद्यार्थ्यांनी दिलेले, एक ते नऊ.
आईला जवळजवळ पैकीच्या पैकी.

आज लेइडा कास्क आल्या. वय एक्क्याऐंशी.
हीउमा बेटाच्या धक्क्यावर छत्तीस वर्षं
फेरीबोटीची तिकिटं फाडलेली बोटं.
ओला कोट त्यांनी माझ्या हातात न देता
स्वतःच खुंटीला लावला,
आणि विचारलं, चुकले तर पैसे कापता का?

काचेमागून मी आकडे पाहत होते.
उन्हाळा : झटकन.
ताप : जरा उशीर, सगळ्यांसारखाच.
वादळ : आमच्या यादीत दोन गुण, वाईट शब्द,
आणि त्यांनी तो विजेसारखा टिपला.
(नंतर म्हणाल्या, वादळ म्हणजे फेरी बंद,
फेरी बंद म्हणजे दिवसभर अंथरुणात.)
आई : नऊशे बारा मिलिसेकंद.
एवढ्या वेळात माणूस दोनदा दार उघडून लावतो.
मी नोंद केली.
कारण विचारायचा रकाना नाही.

मधे मधे खोटे शब्द येतात,
संगणकाने अक्षरं जुळवून घडवलेले,
तोंडात बसतील असे, पण पोकळ.
एकशे सदतिसावा होता तुल्मिक.
उजवं बटण.
तीनशे अठ्ठ्याण्णव.
दिवसभरातला सर्वांत वेगवान आकडा,
त्याच्यासमोर लाल फुली.

संपल्यावर मी नियम मोडला.
म्हटलं, तो एक शब्द… तो तर नाहीच आहे.
त्या कोटाची बटणं लावता लावता थांबल्या.
नाही कसा?
राईच्या पावाचं टोक. भट्टीतून काढल्याकाढल्या
बाबा ते मोडायचे, बोटं भाजत,
आणि ओरडायचे, तुल्मिक कुणाला?
आम्ही चौघं भावंडं टेबलाखालून धावायचो.
मग जरा विचार करून म्हणाल्या,
आमच्याच घरात म्हणत असतील.
शेजारी ओटीलियाबाई त्याला टोकच म्हणायच्या.

आता कोण म्हणतं? मी विचारलं.
विचारायला नको होतं.
त्यांनी रुमाल डोक्याला बांधला, गाठ तपासली,
पाच युरोचं कूपन घडी करून पर्समध्ये ठेवलं.
बसथांबा डावीकडे ना, म्हणाल्या.

रात्री मी विदा साफ केली.
चुकीची उत्तरं गाळतात, तशी पद्धतच आहे.
तुल्मिक गाळला. वादळ ठेवला. आई ठेवली,
मग सरासरीपासून फार लांब म्हणून
तीही गाळली.
उरलेले आकडे नीट ओळीत उभे राहिले
आणि सिद्ध झालं जे सिद्ध व्हायचं होतं.

गुरुवारी नवा संच तपासायला
मी स्वतः खुर्चीत बसले.
मध, उजवं. पेन्सिल, उजवं. ग्रास्पोन, डावं.
मग तो आला.
काय दाबायचं ते मला ठाऊक होतं,
यादी मीच छापली होती.
पडदा वाट पाहत राहिला.
खोलीत ओल्या लोकरीचा वास होता,
आणि कुठूनसा, भाजक्या राईचा.
दोन्ही बोटं बटणांवर,
आकडा पळत होता,
आठशे, नऊशे, हजार